डिम

शाळेत गुरुजी मला मंद म्हणायचे.
सतराच्या पाढ्याला
जीभ धानाच्या बांधीत रुतायची,
मागचे पोट्टे फिदीफिदी हसायचे,
आणि मी खिडकीतून
कोणाचा तरी बैल चरताना बघत उभा.

डिम हा शब्द फार नंतर भेटला.
वडशाच्या नाटक कंपनीत, जनरेटरमागे,
पोत्यावर बसलेल्या वासुदेव मिस्त्रीच्या तोंडून.
समोर काळा माठ, त्यात मिठाचं पाणी,
एक पत्रा तळाशी, दुसरा दोरीला टांगलेला.
"पत्रा खाली सोडला का उजेड,
वर वढला का डिम.
घाई नोको करू.
घाईनं राजा मरत नाई, बल्ब मरते."

घाई न करणं, एवढंच काम.
ते मला जन्मापासून येत होतं.

धान निघालं की आमचा सीझन.
दिवसा शंकरपट, रात्री नाटक,
पहाटे तीनला गाडी पुढच्या गावाला.
शालिक ड्रायव्हर समोरच्या ट्रकला शिव्या द्यायचा,
डिम मार ना बे, डोळे फोडतं का!
कुमुदताई, दोन नातवांची आजी,
चेहऱ्याला पावडर थापता थापता म्हणायची,
"माया एंट्रीले डिमच ठेव बापू,
डिममदी मी अजून अठराचीच हावो."
मालक पैसे देताना नोटांकडे बघत म्हणायचा,
यंदा धंदा मंद आहे.
तो दरवर्षीच असायचा.
आणि उन्हाळी धानाच्या मोटारी एकदम सुरू झाल्या
की माठाला हात न लावता
आख्खं गाव डिम.
बल्बातली तार
पळसाच्या कळीएवढी तांबडी, बस.

बाप मरायचा तिसऱ्या अंकात.
सव्वा मिनिट मी दोरी ओढायचो, बोट बोट.
अंधार कुठून सुरू झाला
ते समोर कोणालाच कळायचं नाही.
बाया पदराला नाक पुसायच्या.
मिस्त्री म्हणायचे, तुया हाताले बेस मरन येते.

मग आमच्याच गावचा पट आला.
माय कधी नाटकाला यायची नाही,
त्या रात्री आली.
पदरात शेंगा बांधून, सगळ्यात पुढे,
स्वतःचं पोतं अंथरून.
पहिला अंक संपायच्या आधीच
कनातीला हात लावत लावत
जनरेटरमागे येऊन उभी राहिली.

"नाटक बेस हाय रे.
पन येवढं डिम कायले ठेवलास?
मानसं दिसूनच नाई रायली."

डिम. शब्द माझाच होता,
घरी मीच आणून टाकलेला.

स्टेजवर दरबार भरला होता.
सगळे हॅलोजन फुल.
पुढच्या रांगेतले लोक
कपाळावर हात धरून बघत होते.

मी टॉर्च लावून तिच्या डोळ्यांत पाहिलं.
निवलेल्या पेजेवर धरतो
तसा पापुद्रा, दोन्हीकडे.

दोन वर्षांपासून भातात खडे येत होते.
दाताखाली खडा आला की मी ताट सरकवायचो,
ओरडायचो, नीट निवडत का नाहीस.
ती म्हणायची, चुकला असल एखादा.
दोन वर्षं.
गुरुजी, तुमचं बरोबर होतं.

"थांब," म्हटलं, "वाढवतो."
पत्रा केव्हाचाच तळाला टेकला होता.
दोरी सैल पडली होती.
त्याच्यापुढे उजेड नसतो,
हे मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तरी मी पिशवीत हात घातला
आणि मूठभर मीठ माठात सोडलं.
पाणी खदखदलं. वाफ आली तोंडावर.
मिस्त्री झोपेतून ओरडले, कोन हाय बे!

"आता?" मी विचारलं.

ती बघत होती जनरेटरकडे.
"हो," म्हणाली,
"आता कसं, राजाची टोपीबी दिसते."